तिकीट काढून शेपूट पाहिलं: दार्जिलिंगचं प्राणिसंग्रहालय

दार्जिलिंगला गेलेली मराठी मंडळी टायगर हिल, बतासिया लूप, चहाचा मळा आणि 'झू' एका दिवसात उरकतात. आमच्या टूरनेही तेच केलं. झूसाठी जेमतेम तास दिला होता, त्यातली वीस मिनिटं गेटवरच्या मोमोंनी खाल्ली. म्हणून दुसऱ्या दिवशी बाकीचे शाली घ्यायला गेले तेव्हा मी चौरस्त्यावरून चालत जवाहर पर्वताच्या बाजूला पुन्हा गेले, एकटीच.

पद्मजा नायडू हिमालयन प्राणिसंग्रहालय हे त्याचं पूर्ण नाव. सरोजिनी नायडूंची ही मुलगी पश्चिम बंगालची राज्यपाल होती. १९५८ साली सुरू झालेलं हे ठिकाण सुमारे सात हजार फुटांवर, डोंगरउतारावर वसलंय. आवार ६७ एकरांचं. आकडा मोठा वाटतो, पण बराचसा भाग उतार आणि झाडी. पाहायला लहानच, आणि दमवणारं. गुडघे दुखत असतील तर काठी घ्या.

कुठल्याही प्राणिसंग्रहालयात गेले की मी आधी प्राणी बघत नाही, जमीन बघते. विदर्भातल्या एका बागेत (नाव नको) बिबट्याच्या पिंजऱ्यात जाळीलगत सिमेंटवर गुळगुळीत पट्टा पडला होता. येरझाऱ्या घालून घालून. वाकून बघण्यासारखं दुसरं काही नव्हतंच तिथे, ना झाड, ना आडोसा, ना खेळायला साधा ओंडका. लोक मात्र खूश, कारण बिबट्या पूर्ण वेळ समोर.

इथे उलटं. रेड पांडाच्या कुंपणापाशी आमच्यातल्या एक काकू पहिल्या दिवशी वैतागून म्हणाल्या होत्या, "अहो, तिकीट काढून नुसतं शेपूट बघायचं का?" खरंच शेपूटच दिसत होतं. तांबूस, पट्ट्यापट्ट्यांचं, उंच फांदीवरून लोंबणारं. बाकीचा प्राणी पानांत गडप. रेड पांडा दिवसाचा मोठा भाग झोपून काढतो, खातो प्रामुख्याने बांबूची पानं, आणि उकाडा त्याला सोसत नाही. त्याला झाड आहे, थंड हवा आहे, आपल्याकडे पाठ करून झोपायची मुभा आहे. काकूंचे पैसे वाया गेले असतील, पांडाचं बरं चाललंय.

माझ्या मते इथली निम्मी काळजी एका निर्णयात आहे: इथल्या हवेला मानवतील असेच प्राणी ठेवायचे. हिमबिबट्या, तिबेटी लांडगा, काळं अस्वल, ताहर ही रानबकरी, निळी मेंढी, मोनाल हा रंगीत पक्षी. इथे सिंह नाही, जिराफ नाही. राणीच्या बागेत पेंग्विन आणले तेव्हा त्यांच्यासाठी मुंबईच्या दमट हवेत थंडगार काचघर उभारावं लागलं. इथे तेवढी थंडी धुकं फुकट देतं. सुरुवातीला दार्जिलिंगलाही मोह झाला होता. १९६० साली ख्रुश्चेव्ह यांनी सैबेरियन वाघांची जोडी भेट दिली होती. पण पुढे नाव झालं ते हिमालयातल्याच प्राण्यांमुळे.

हिमबिबट्यांची पैदास इथे १९८०च्या दशकात सुरू झाली, रेड पांडांची नंतर. त्यासाठी युरोपातल्या प्राणिसंग्रहालयांतूनही पांडा आणले, म्हणजे नात्यातल्या नात्यात जोड्या लागू नयेत. हे बहुतेक काम तोपकेदारा इथल्या वेगळ्या केंद्रात चालतं. तिथे पर्यटकांना प्रवेश नाही, आणि ते मला सगळ्यात आवडलं. जिथे तिकीट विकता येत नाही तिथे पैसा आणि माणसं लावणं, ही एखाद्या प्राणिसंग्रहालयाच्या हेतूची चांगली परीक्षा आहे.

इथे जन्मलेल्या रेड पांडाच्या दोन माद्या, स्वीटी आणि मिनी, २००३ साली सिंगालीलाच्या जंगलात सोडल्या. मिनी शिकार झाली. स्वीटी टिकली आणि तिला जंगलात पिल्लूही झालं. काहींना हा निकाल अर्धवट वाटेल. पिंजऱ्यात वाढलेल्या जनावराला जंगलात पिल्लू होणं केवढं अवघड, हे लक्षात घेतलं तर मला तो मोठा वाटतो.

मला खटकली ती माणसं. आवारातच हिमालयन माउंटेनिअरिंग इन्स्टिट्यूट आहे, तिकीटही एकच, त्यामुळे एव्हरेस्टवीर तेनसिंगचं गिर्यारोहणाचं सामान बघायला निघालेली सगळी गर्दी कुंपणांना लागून जाते. शिट्ट्या, "ए वाघोबा!", मोबाइलवर गाणी. लांडग्याला उठवायला एक बाबा जाळीवर किल्ल्या वाजवत होते आणि मुलगा त्यांच्याकडे कौतुकाने बघत होता. प्राणिसंग्रहालयातल्या जनावराला छेडणं कायद्याने गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, असं मी त्यांना सांगितलं. "मॅडम, आम्ही खाऊ थोडंच घातलं," असं उत्तर मिळालं.

जाणार असाल तर सकाळी उघडल्या उघडल्या जा. गर्दी नसते आणि पांडा जागे असण्याची शक्यता जास्त. हिमबिबट्यापाशी थांबा, पहिली पाच मिनिटं फक्त खडकच दिसेल. आणि गुरुवारी बंद असतं. आठवड्यातून एक दिवस प्रेक्षकांना सुट्टी देणं देशातल्या सगळ्याच प्राणिसंग्रहालयांना बंधनकारक आहे. टूरच्या कार्यक्रमात दार्जिलिंगचा दिवस गुरुवारी येत असेल, तर बुकिंगच्या आधीच भांडून घ्या.