तुम्ही विचारलंत म्हणून: न्यूयॉर्क किती लांब?

"वैनी, लेक न्यूयॉर्कला न्हवं? विमानाला किती तास लागतात?" खानापुरात भाजी घेतानासुद्धा कुणीतरी हे विचारतंच. मी "१६ तास" म्हणते आणि पुढे चालू लागते. पण उत्तर तेवढंच नाही. तुम्ही विचारलंत म्हणून नीट सांगते.

मुंबई ते न्यूयॉर्क सरळ हवाई अंतर सुमारे १२,५०० किलोमीटर. हे 'सरळ' मला लेकीच्या शाळेतल्या पृथ्वीच्या गोलावर कळलं. भिंतीवरच्या नकाशात वाट अरबस्तान, भूमध्य समुद्र अशी आडवी दिसते. गोलावर मी मुंबईवर अंगठा दाबून शिलाईचा दोरा न्यूयॉर्कपर्यंत ताणला, तर तो आपसूक वर सरकला: रशिया, नॉर्वे, आइसलँड आणि मग कॅनडावरून खाली. गोलावर सगळ्यात जवळची वाट तीच. विमान मात्र नेहमी दोऱ्यावरूनच जात नाही. वारा बघावा लागतो, कुठल्या देशाची हवाई हद्द बंद आहे तेही बघावं लागतं. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना हद्द बंद केली, तेव्हा कितीतरी विमानांना वळसा पडला.

येताना वेळ कमी लागतो. पृथ्वी फिरते म्हणून, असं बरेच जण सांगतात. ते खरं नाही, हवाही पृथ्वीबरोबरच फिरते. खूप उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात. जाताना ते तोंडावर येतात, येताना पाठीशी असतात.

घड्याळाचं तर विचारूच नका. उन्हाळ्यात न्यूयॉर्क आपल्यामागे साडेनऊ तास, हिवाळ्यात साडेदहा. जूनमध्ये रात्री दीडला मुंबई सोडलेली लेक त्याच तारखेला तिथल्या सकाळी आठला उतरते. शेजारच्या आजींनी बोटं मोजून विचारलं, "साडेसहा तासांतच?" त्यांच्यासाठी मी पुन्हा पृथ्वीचा गोल बाहेर काढला.

आता माझा हिशोब. गेल्या खेपेला सांबऱ्याच्या, म्हणजे बेळगावच्या विमानतळावरच्या, विमानाची वेळ जुळली नाही. लेकीला सोडायला सकाळी सातला घर सोडलं, बेळगावातून बस धरली. निपाणी, कोल्हापूर, सातारा, पुणे करत ५०० किलोमीटर मुंबई, आणि विमानाच्या तीन तास आधी विमानतळावर हजर. तिथे वजन जास्त भरलं. बॅग उघडून मसाल्याची एक पुडी मी परत घेतली, कुंद्याच्या, आमच्या बेळगावी मिठाईच्या, डब्याला मात्र हात लावू दिला नाही. तिकडे उतरल्यावर पासपोर्टची तपासणी, सामान आणि घरापर्यंतची गाडी, त्यात आणखी अडीच तास. आमच्या उंबऱ्यापासून तिच्या दारापर्यंत ३७ तास होतात. माझ्या लेखी अंतर ते.

ती उतरते तेव्हा इथे संध्याकाळचे साडेपाच झालेले असतात. "उतरले" एवढा मेसेज आला की मग मी चहाचं आधण ठेवते.