फ्लिंडर्स रेंजेसला जाणार असाल तर

जुलैमध्ये आम्ही चौघं ॲडलेडहून फ्लिंडर्स रेंजेसला, म्हणजे दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या डोंगररांगेत, जाऊन आलो. विल्पेना पाउंडपर्यंत सव्वाचारशे-साडेचारशे किमी, पाच-साडेपाच तास धरा, तिथवर डांबरी रस्ता आहे. वाटेतल्या हॉकर गावाच्या अलीकडे कन्याकाचे दगडी वाड्यासारखे अवशेष दिसतात, मेंढपाळीची मोठी वस्ती होती, दुष्काळाने उठली. दहा मिनिटं तरी थांबाच.

पाउंड म्हणजे डोंगरांनी चारी बाजूंनी वेढलेली प्रचंड परात. वांगारा लुकआउटवरून ती छान दिसते, आरामात जाऊन-येऊन तीन तास लागतात. सेंट मेरी पीक इथलं सर्वात उंच शिखर, पण इथल्या मूळनिवासी अद्न्यामथान्हा लोकांसाठी ते पवित्र आहे आणि माथ्यावर जाऊ नका अशी त्यांची विनंती आहे. त्यांच्या कथेत पाउंडच्या भिंती म्हणजे दोन अकुरा सर्पांची शरीरं. आम्ही टँडेरा सॅडलच्या खिंडीतून परत फिरलो, सह्याद्रीत गड चढणाऱ्याला माथा सोडणं जड जातं हे खरं, पण तुम्हीही तिथूनच फिरा, खिंडीतूनही भरपूर दिसतं.

माझं मन मात्र ब्राकीना गॉर्जमध्ये, म्हणजे इथल्या घळीत, अडकलंय. २० किमीचा कच्चा रस्ता, पूर्वेकडून पश्चिमेला जा, म्हणजे जुन्या खडकाकडून नव्याकडे जाता, ठिकठिकाणी पाट्या आहेत. आपला दख्खनचा काताळ साडेसहा कोटी वर्षांचा, इथले खडक पन्नास-साठ कोटींचे! १९४६ मध्ये भूशास्त्रज्ञ रेग स्प्रिगला याच डोंगररांगेच्या पश्चिमेला एडियाकारा टेकड्यांत मऊ शरीराच्या प्राण्यांचे ठसे सापडले, त्यावरून २००४ मध्ये एका अख्ख्या भूशास्त्रीय कालखंडाला एडियाकारन नाव मिळालं, आणि त्या कालखंडाची सुरुवात दाखवणारी खूण या गॉर्जमध्येच एनोरामा ओढ्यात ठोकलीय. मी तिथे बराच वेळ नुसती उभी होते.

गाडी भाड्याची असेल तर कच्च्या रस्त्यावर विमा लागू आहे का ते आधी विचारा, आम्हाला ऐनवेळी कळलं आणि दुसरी गाडी घ्यावी लागली. पाऊस झाला तर ओढे ओलांडायचे रस्ते बंद होतात, निघण्यापूर्वी चौकशी करा. हॉकरला पेट्रोल भरा, पाणी जास्तीचं ठेवा, मोबाईलच्या रेंजवर विसंबू नका, मॅप डाउनलोड करा. रात्री थंडी कडक असते. तिकडच्या उन्हाळ्यात, म्हणजे डिसेंबर ते फेब्रुवारीत, पारा चाळिशी ओलांडतो, एप्रिल ते ऑक्टोबरच बरं.

पिवळ्या पायांची रॉक वॉलबी, म्हणजे कांगारूची छोटी बहीण, उन्हं कलताना कड्यांवर येते, पट्ट्यापट्ट्यांची शेपटी असते. पण अंधार पडताना कांगारू रस्त्यावर उड्या मारतात, म्हणून ती बघायची तर ब्राकीनातल्याच कॅम्पसाइटवर मुक्काम करा, बुकिंग ऑनलाइन होतं. मात्र तंबू रिव्हर रेड गम या निलगिरीच्या झाडाखाली लावू नका, त्याच्या फांद्या अचानक मोडून पडतात.