हातात वायल कुठली आहे?

पहाटे साडेतीनला माणसाला गणित घालू नये. आमच्या लहान मुलांच्या आयसीयूत डीकेएचं (डायबेटिसमध्ये शुगर बेसुमार वाढून रक्तात आम्ल साठतं, ते) पोरगं आलं की आधी तासभर सलाईन, मग इन्सुलिन, किलोमागे तासाला 0.05 ते 0.1 युनिट, हे मी झोपेतही म्हणू शकते, गोची असते ती इन्सुलिन हळूहळू सोडणाऱ्या पंपाची सिरिंज भरताना. 50 मिलीत 50 युनिट, म्हणजे 1 मिलीला 1 युनिट, सोप्पं. पण आपल्याकडे इन्सुलिनची वायल, म्हणजे बाटली, 40 ची पण येते नि 100 ची पण, म्हणजे 1 मिलीत तेवढे युनिट. 40 च्या वायलमधून 1.25 मिली ओढायचं, 100 च्या मधून फक्त अर्धा. सवयीने 100 च्या मधून सव्वा ओढलं तर सिरिंजमध्ये 125 युनिट जातात, अडीचपट, आणि पंपावरचा आकडा मात्र एकदम बरोबर दिसत राहतो!

हे माझ्याच हातून होता होता राहिलंय. वायल नेहमीची नव्हती, मी ओढून मोकळी, दुसऱ्या सिस्टरने चेक करताना लेबल मोठ्याने वाचलं म्हणून निभावलं. हात थरथरत होते नंतर.

मग एका रेसिडेंट डॉक्टरने एक्सेलची शीट बनवली. मला वाटलं झालं, अजून एक फॉर्म. पण ती आधी विचारते की हातात वायल कुठली, 40 की 100, आणि ते सांगितल्याशिवाय आकडाच देत नाही. वजन दोनदा टाकायचं, जुळलं नाही की लाल. डोसपुढे नुसता यू नाही, अख्खं युनिट लिहून येतं, कारण केस पेपरवर घाईतला यू शून्यासारखा दिसला की 4 चे 40 होतात. फॉर्म्युले लॉक केलेत (पहिल्याच आठवड्यात कोणीतरी डिलीट मारले होते, मी नाही).

पण वजन शेवटी आपणच सांगणार ना तिला. परवा एका आईने 18 सांगितलं, ते अंगणवाडीत कधीतरी केलेलं, आणि पोर तर शुगरने पार झिजलेलं. उभं राहवत नव्हतं म्हणून बाबाला त्याला कडेवर घेऊन काट्यावर चढवलं, मग एकट्या बाबाला, वजाबाकी केली तर 14. म्हणजे 0.1 ने तासाला 1.8 नाही, 1.4.

रेसिडेंटला म्हटलं, ही वजाबाकी पण शीटमध्ये घाला की. तर म्हणे, सिस्टर, एवढी तरी तुम्ही करा.

म्हटलं, पहाटे साडेतीनला?

काल घातली त्याने.