चौदा नंबर: दाढी, गंज आणि एक ‘एस’

वाईट बातमी आधी. चौदा नंबर, म्हणजे नव्या लॉटमधलं माझं लाडकं रोमन नाणं, 350 साली काही महिने सम्राट झालेल्या व्हेत्रानिओचं नाही.

गेल्या वेळी ‘दाढी दिसली!’, म्हणजे हा दाढीवाला व्हेत्रानिओच, म्हणून मी पेढे वाटायचे तेवढे बाकी ठेवले होते. ते शब्द मुकाट्याने परत घेतो. तीन आठवडे ह्या एका नाण्याने माझ्या रात्री खाल्ल्या आहेत, त्यामुळे आजचं लिखाण बहुतेक त्याच्याबद्दलच असणार.

तिसऱ्या लॉटचा हिशेब उरकून घेतो. वीस नाणी, सगळी बाल्कनमधली, न साफ केलेली म्हणून विकलेली. अकरा घोडेस्वार निघाले. (कॉन्स्टंटाइनचा मुलगा, सम्राट दुसरा कॉन्स्टँटियस, त्याचं तेच ते ‘फेल टेम्प’ लिहिलेलं नाणं. भाला खाऊन घोड्यावरून पडणारा तो गडी आता माझ्या स्वप्नातही पडतो.) चार ‘दोन शिपाई’, दोन हारातली ‘व्होट’वाली (सम्राटाच्या कारकिर्दीच्या नवसाची), दोन नुसत्या चकत्या, आणि चौदा नंबर. तीन घोडेस्वार आधी कुणीतरी आम्लात बुचकळून पाहिलेले होते. सोललेलं गुलाबी तांबं काही केल्या लपत नाही. तेव्हा ‘न साफ केलेली’ ह्या शब्दाचा अर्थ ‘आम्ही चांगली तेवढी काढून घेतली, उरलेली तुम्ही साफ करा’ असा घ्यायचा. ह्या विक्रेत्याकडून पुन्हा खरेदी नाही.

आता मुख्य आरोपी. 23 मिलिमीटर, 5.1 ग्रॅम. मागची बाजू दिवाळीतच उघडली होती: सम्राट उभा, हातात लाबारम, म्हणजे ख्रिस्ताच्या नावाची पहिली अक्षरं असलेलं निशाण, आणि मागून विजयदेवता त्याच्या डोक्यावर हार ठेवतेय. भोवती ‘होक सिग्नो व्हिक्टर एरिस’. ह्या चिन्हाने तू जिंकशील. 312 साली मिल्व्हियन पुलाच्या लढाईआधी कॉन्स्टंटाइनला झाला म्हणतात त्या दृष्टांताचे हे शब्द. खाली ‘एस आय एस’, म्हणजे सिस्कियाची टांकसाळ, आजच्या क्रोएशियातलं सिसाक. कारखान्याचं अक्षर, म्हणजे टांकसाळीच्या कुठल्या विभागात नाणं पाडलं ते सांगणारं, मात्र चकतीच्या कडेबाहेर गेलंय. ते लक्षात ठेवा, शेवटी तेच नडणार आहे.

हा छाप सिस्कियात 350 साली सुरू झाला आणि ते साल म्हणजे माझं दैवत. 18 जानेवारीला आजच्या फ्रान्समधल्या ओतँमध्ये एका अधिकाऱ्याच्या मुलाच्या वाढदिवसाची मेजवानी चालू असते. मॅग्नेन्टियस नावाचा सेनापती मध्येच लघवीला म्हणून उठतो आणि परत येतो तो जांभळी वस्त्रं घालून. झाला सम्राट. पश्चिमेचा खरा सम्राट, कॉन्स्टँटियसचा भाऊ कॉन्स्टन्स, पळतो आणि पिरेनीजच्या पायथ्याशी मारला जातो. 1 मार्चला इकडे डॅन्यूबकाठी सैनिक व्हेत्रानिओ नावाच्या म्हाताऱ्या सेनापतीला गादीवर बसवतात, त्यामागे कॉन्स्टँटियसची बहीण कॉन्स्टँटिना होती असं म्हणतात. जूनमध्ये रोममध्ये नेपोटियानस, तोही कॉन्स्टंटाइनचा भाचा. तो टिकतो 28 दिवस, मग त्याचं मुंडकं भाल्यावर. आणि ज्याच्या घरात हा सगळा गोंधळ चाललाय तो कॉन्स्टँटियस तिकडे पूर्वेला इराणच्या दुसऱ्या शापूरशी झुंजतोय.

व्हेत्रानिओ मला ह्या सगळ्यांत आवडतो तो त्याच्या शेवटामुळे. 25 डिसेंबरला दोन्ही सैन्यं एकत्र जमली, कॉन्स्टँटियसने नुसतं भाषण केलं, कॉन्स्टंटाइनच्या मुलांना वाहिलेल्या शपथेची आठवण दिली, आणि सैनिक फिरले. म्हाताऱ्याने जांभळं उतरवलं. गंमत म्हणजे त्याला मारलं नाही. पेन्शन देऊन बिथिनियातल्या प्रुसाला, म्हणजे आजच्या बुर्साला, पाठवलं. तिथे तो आणखी सहा वर्षं आरामात जगला. चर्चचा इतिहासकार सोक्रातीस सांगतो की तिथून तो कॉन्स्टँटियसला पत्रं लिहायचा: राज्याच्या कटकटीतून मला सोडवलंस, फार सुख दिलंस, तू मात्र स्वतःला ह्या सुखाला मुकवतोयस.

अशा माणसाला मराठीत काय म्हणायचं ह्यावर मी अजून अडलोय. गेल्या वेळी ‘तोतया’ लिहिलं होतं, ते चूकच. पेशवाईतल्या भाऊसाहेबांच्या तोतयाने मीच तो भाऊ म्हणून दावा केला होता. व्हेत्रानिओने मी दुसरा कुणी आहे असं कधी म्हटलं नाही. माणूस खरा, गादी तेवढी परक्याची. ‘बळकावणारा’ म्हणावं तर बिचाऱ्याने काही बळकावल्यासारखंही वाटत नाही.

तर नाणं. सिस्कियाचा हा छाप व्हेत्रानिओच्या नावाने निघतो आणि कॉन्स्टँटियसच्या नावानेही. दोघांच्याही डोक्यामागे ‘ए’, समोर चांदणी. सांगायचं कसं? एक चेहऱ्यावरून: व्हेत्रानिओ म्हातारा, दाढीवाला, कॉन्स्टँटियस गुळगुळीत. दुसरं नावावरून. माझ्या नाण्यावर डावीकडची अक्षरं ठोकतानाच बसलेली नाहीत. उजवीकडे शेवटचं ‘पी एफ ए व्ही जी’ स्वच्छ आहे, म्हणजे हा ऑगस्टस, पूर्ण सम्राट; पुढच्या वर्षी सीझर, म्हणजे कनिष्ठ सम्राट, झालेला कॉन्स्टँटियसचा चुलतभाऊ गॅलस बाद. मधे सगळं दगडासारखं कवच.

दाढी सापडली ती यूएसबी मायक्रोस्कोपखाली, रात्री साडेबाराला. हनुवटीखाली बारीक बारीक रेघांची रांग. मी फोटो काढला, तुम्हाला टाकला, झोपलो. दोन दिवसांनी सहज दिवा उजवीकडे सरकवला आणि दाढी गायब! नाण्यावरचा केस ठशात कोरलेला असतो, म्हणजे नाण्यावर तो उठून दिसला पाहिजे. माझे ‘केस’ खड्डे होते. गंजाने खाल्लेली हनुवटी. एकाच बाजूने प्रकाश पडला की डोळा खड्ड्यालाही उंचवटा समजू शकतो, हे आपण नवख्यांना दहादा सांगतो. मी स्वतः फसलो. इथून पुढे माझा प्रत्येक फोटो दोन बाजूंनी उजेड देऊनच येईल.

मग उरलं नाव. ‘पी’च्या आधी कवचातून एक गोलाई डोकावत होती. फक्त वरची कमान. व्हेत्रानिओ संपतो ‘ओ’ने, कॉन्स्टँटियस ‘एस’ने. दोन्हींची वरची कमान सारखीच! नऊ दिवस मी त्या कमानीकडे बघत बसलो. त्याआधी एक रेघ: सरळ असेल तर ‘आय’, तिरकी असेल तर ‘व्ही’. ती मला सोमवारी सरळ दिसायची, मंगळवारी तिरकी.

लहानपणी शिवराई वाचत वाढलेल्या माणसाला खरं तर ह्याची सवय असते. ठसा चकतीपेक्षा मोठा, ‘श्री राजा शिव’मधला ‘श्री’ अर्धा कापलेला, ‘छत्रपति’चा ‘छ’ कडेबाहेर, आणि तरी आपण वाचतो. पण तिथे काय लिहिलंय ते आधीच माहीत असतं. इथे मला काय वाचायचंय ते माहीत होतं, आणि तीच अडचण होती. मला ‘ओ’ हवा होता.

हत्यारांबद्दल दोन शब्द. हिऱ्याच्या भुकटीच्या पेनांचा सेट मी एकदा महागात घेतला आणि एका घोडेस्वाराचं नाक घालवलं. सेट आता ड्रॉवरमध्ये कुलूपबंद आहे. ऑलिव्ह तेलवाल्यांशी मी भांडत नाही, पण सहा महिने तेलात ठेवून पॅटिना (जुन्या धातूवर चढलेला थर) काळवंडलेली मी पाहिली आहे. माझं म्हणणं तेच: गॅरेजमध्ये मिळणारं बॅटरीचं डिस्टिल्ड पाणी, दर दोन दिवसांनी बदलायचं, आणि बाभळीचा काटा. गावाहून येताना पिशवीभर आणलेत. काट्याचं टोक कवचात घुसतं, पण नाण्याला ओरखडा पडायच्या आत स्वतःच मोडतं. आईने एकदा बशीत भिजणारं नाणं पाहून ‘चिंच-मीठ लाव, देवाच्या तांब्यासारखं लखलखेल’ असं सुचवलं होतं. तेव्हापासून बशी कपाटावर असते.

परवा रात्री अकराव्या काट्याने कवचाची टिकली उडाली. तांदळाच्या कणीएवढी. खाली अक्षर होतं आणि त्याला शेपूट होती, उजवीकडे उघडी. ‘एस’. रेघही तिरकीच निघाली. ‘व्ही एस, पी एफ ए व्ही जी’. कॉन्स्टँटियस.

बायकोने विचारलं, ‘म्हणजे तोच का, घोड्यावाला?’ तोच.

दोन दिवस नाण्याकडे बघितलं नाही. काल हे लिहायला बसलो, व्हेत्रानिओसाठी राखलेल्या खणाची चिठ्ठी काढायला गेलो, आणि तिथे अडलो. चिठ्ठी काढायची का?

कारण 350 च्या मार्चपासून डिसेंबरपर्यंत सिस्कियाची टांकसाळ होती कुणाच्या हातात? व्हेत्रानिओच्या. तो कॉन्स्टँटियसला थोरला मानत होता आणि स्वतःच्या नावाशेजारी त्याच्याही नावाने नाणी पाडत होता. म्हणजे नाव ज्याचं आहे तो तिकडे पूर्वेला, आणि भट्टीपाशी उभा असलेला कारागीर म्हाताऱ्याच्या पगारावर! पण 25 डिसेंबरनंतरही हा छाप बंद झाला नाही. मग माझं नाणं आधीचं की नंतरचं? माझ्याकडे कारखान्याचं अक्षर असतं तर निदान कुठल्या मालिकेशी जुळतं ते बघायला बसता आलं असतं. ते कडेबाहेर आहे, सांगितलं होतं.

आणि हे काही एकटं उदाहरण नाही. मॅग्नेन्टियसच्या शेवटच्या दिवसांत आजच्या जर्मनीतलं ट्रिअर शहर पोएमेनियस नावाच्या माणसाच्या पुढाकाराने उलटलं, वेशीची दारं मॅग्नेन्टियसच्या भावाच्या, डिसेन्टियसच्या तोंडावर बंद झाली, आणि टांकसाळीने काय केलं? मॅग्नेन्टियसचाच मोठा ख्रिस्तचिन्हाचा छाप घेतला आणि पुढच्या बाजूला कॉन्स्टँटियसचं डोकं बसवलं. शत्रूचा छाप, शत्रूचं शहर, मालकाचं नाव.

तेव्हा ‘प्रत्येक बंडखोराचं एक नाणं’ हा ट्रे मी बंद करतोय. आठ खण भरलेत ते तसेच राहू देत. नवा ट्रे फक्त 350 ते 353, आणि मांडणी नाण्यावरच्या डोक्यावरून नाही, शहरावरून: सिस्किया, थेस्सलोनिका, रोम, ट्रिअर, लियाँ. प्रत्येक शहराच्या ओळीत त्या दिवशी किल्ल्या कुणाकडे होत्या तो क्रम. नेपोटियानसचं नाणं मला ह्या जन्मात परवडणार नाही, रोमच्या ओळीत तेवढी जागा मोकळी ठेवीन. सिस्कियाच्या ओळीत व्हेत्रानिओ आणि कॉन्स्टँटियस ह्यांच्या खणांमधली फेल्टची पट्टी मी सकाळी ब्लेडने कापली. चौदा नंबर तिथे, आडवं, दोन्हींत अर्धं अर्धं.

म्हणजे राहणार होतं. बसवताना विजयदेवतेच्या पायाशी फिकट हिरवी भुकटी दिसली. टोकरली की उडते. ब्रॉन्झ डिसीजच (क्लोराइडमुळे आत आत पसरणारा गंज), पावसाळ्यात सिलिका जेलची पुडी बदलायची राहिली त्याचं फळ. आता धुण्याचा सोडा आणि खायचा सोडा डिस्टिल्ड पाण्यात, दर आठवड्याला नवं, भुकटी यायची थांबेपर्यंत. खण रिकामा.

एक गोष्ट लिहिता लिहिता सुचली म्हणून उठून मोजलं. त्या दोन चकत्यांपैकी एक 26 मिलिमीटर आहे. घोडेस्वार सहसा एवढे मोठे नसतात. वजन 7.4 ग्रॅम. मॅग्नेन्टियसच्या मोठ्या ख्रिस्तचिन्हाचा आकार साधारण तेवढाच असतो, पण मी आता काही म्हणणार नाही. बॅटरीच्या पाण्यात टाकली आहे.