तुर्भ्याचा भाव, ठाण्याचा टेम्पो: जोडणीची ताजी नोंद

भावाची यादी, नकाशा आणि ऑर्डरींची शीट आतापर्यंत सुटी सुटी चालत होती. आता ती एका साखळीत आली आहेत. तुर्भ्याच्या बाजार समितीतून भाजी उचलून वाशी, नेरूळ, कोपरखैरणे, ऐरोली आणि ठाण्यातल्या खानावळी व कँटीनना पोचवणारा छोटा पुरवठादार डोळ्यांसमोर ठेवून हे साधन बांधलंय. रात्री ऑर्डरी शीटमध्ये पडतात. पहाटे दरपत्रकाची तपासणी होते आणि टेम्पोवाल्याला थांब्यांचा क्रम टेलिग्रामवर जातो.

भाव केंद्र सरकारच्या डेटा डॉट गव्ह डॉट इन वरून, रस्ते ओपनस्ट्रीटमॅपचे, पावसाचा अंदाज ओपन-मिटिओचा. मार्ग ओएसआरएम काढतं, थांब्यांचा क्रम व्हरूम लावतं. आपलं फक्त जोडकाम: पायथॉन, डेटा ठेवायला एसक्यूलाइट आणि ठरल्या वेळी स्क्रिप्ट चालवायला क्रॉन. चौकटी ओढून जोडायच्या तयार सेवा मुद्दाम टाळल्या. याहू पाइप्स ही तशीच सेवा: 2007 मध्ये आलं, 2015 मध्ये बंद झालं, आणि त्यावर उभं केलेलं सगळं त्याच्याबरोबर गेलं. साध्या स्क्रिप्टला हा धोका कमी.

भाव मागवण्याच्या एपीआयची (प्रोग्रामला थेट डेटा देणाऱ्या सेवेची) नमुना चावी एका वेळी 10 ओळीच देते. कोड चालतो, त्रुटी येत नाही, निम्म्या भाज्या मात्र गायब. स्वतःची चावी नोंदणी करून फुकट मिळते. तरीही उत्तरात येणारा एकूण ओळींचा आकडा आणि हातात आलेल्या ओळी दर वेळी ताडून बघा. बाजाराचं नाव अंदाजाने लिहू नका. आधी राज्य गाळून सगळी नावं बघा आणि त्यातलं जसंच्या तसं उचला.

दर क्विंटलला असतात, म्हणून 100 ने भागलं की किलोचा भाव. पालेभाजीला हा हिशेब लावायचा नाही. राज्याच्या पणन मंडळाच्या तक्त्यात कोथिंबीर-मेथीच्या ओळींवर परिमाण ‘नग’ असतं. परिमाणाचा रकाना न वाचता भागाकार केला की कोथिंबिरीचा भाव हास्यास्पद निघतो. आपल्या तक्त्यात परिमाण हा सक्तीचा रकाना आहे. तो रिकामा असेल तर ती ओळ थेट बाजूला पडते.

तारखेचा घोळ यापेक्षा वाईट, कारण तो लगेच दिसत नाही. मूळ तारीख दिवस/महिना/वर्ष अशी येते. शीटची भाषा-प्रांत सेटिंग अमेरिकेची राहिली असेल तर 03/07 हा 7 मार्च होतो. 13 तारखेपासून शीटला तारीख ओळखता येत नाही, तो नुसता मजकूर उरतो आणि तेव्हा कुठे कळतं. सेटिंगमध्ये भारत निवडा, किंवा तारीख पायथॉनमध्येच वर्ष-महिना-दिवस करून मग शीटला द्या. दुसरा मार्ग बरा.

पहाटे 5 ला आजचा भाव या यादीत नसतो, कालचाच असतो. म्हणून हा आकडा गिऱ्हाइकाला सांगायचा दर नव्हे. पुरवठादाराने लिहिलेला खरेदीदर कालच्या किमान-कमाल पट्ट्याच्या बाहेर असेल तर खूण करायची, एवढंच काम त्याला दिलंय.

नावांसाठी वेगळा तक्ता लागलाच. ऑर्डरीत ‘शिमला’, यादीत ‘कॅप्सिकम’, पणन मंडळाकडे ढोबळी मिरची. घेवडा म्हणजे कुणाला फरसबी, कुणाला चपटी शेंग. इथे आपोआप जुळवणी लावू नका. जे नाव तक्त्यात नाही ते माणसाने एकदा जोडायचं. कंटाळवाणं काम आहे, पण चुकीची भाजी पोचण्यापेक्षा परवडतं.

पत्ते हा नवी मुंबईचा खास त्रास. सेक्टर 8 नेरूळला आहे, वाशीलाही आहे, ऐरोलीलाही. नोड (म्हणजे वाशी, नेरूळ असा उपनगराचा भाग) आणि पिनकोडशिवाय नॉमिनॅटिमला, म्हणजे पत्त्यावरून नकाशावरचा बिंदू शोधणाऱ्या सेवेला, विचारलं तर टेम्पो खाडीच्या भलत्या टोकाला. त्यातून ‘प्लॉट नंबर’ बहुतेक वेळा नकाशात नसतोच. सध्याची पद्धत: पत्ता एकदा शोधायचा, बिंदू नकाशावर डोळ्यांनी तपासायचा, गेटवर सरकवायचा आणि कायमचा जपून ठेवायचा. नॉमिनॅटिमची सार्वजनिक सेवा सेकंदाला 1 पेक्षा जास्त विनंती चालवून घेत नाही आणि आपली ओळख सांगणारं यूजर-एजंट मागते. त्यामुळे रोज तेच पत्ते विचारणं तसंही गैरच.

ओएसआरएमला आधी रेखांश, मग अक्षांश लागतो. वेबपानावर नकाशा दाखवणाऱ्या लीफलेटला उलटं. वाशीचे 19.07 आणि 73.00 अदलाबदल झाले तर गाडी नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात जाते. यावर एक ओळीची तपासणी पुरते: रेखांश 72.85 ते 73.20 आणि अक्षांश 18.90 ते 19.35 च्या बाहेर असेल तर काम थांबवा. हीच चौकट नकाशा कापणाऱ्या ऑस्मियमला देऊन, ओपनस्ट्रीटमॅपचे विभागवार तुकडे देणाऱ्या जिओफॅब्रिकच्या पश्चिम विभागाच्या फाइलीतून आपल्यापुरता नकाशा कापला आहे. ओएसआरएम साध्या लॅपटॉपवर डॉकरमध्ये चालतं.

ओएसआरएमला रहदारी कळत नाही. व्हरूममध्ये गाडीचा वेगगुणक असतो, पण तो वेगाचा आहे, वेळेचा नाही. प्रवास 1.6 पट लांबवायचा तर 0.625 लिहायचं. 1.6 लिहिलं की टेम्पो उडायला लागतो. सध्या पहाटेच्या फेरीला 0.85, सकाळी साडेआठनंतरच्या फेरीला 0.625. वजनात अपूर्णांक चालत नाही, 12.5 किलो दिलं की काम अडतं. म्हणून सगळं 100 ग्रॅमच्या एककात: 125. छोट्या हत्तीची मर्यादा 600 किलो आणि 40 क्रेट अशी दोन्ही दिली आहे, कारण पालेभाजीला जागा आधी संपते, कांद्याला वजन. प्रत्येक थांब्यावर उतरवायला 600 सेकंद. जे थांबे बसले नाहीत त्यांची यादी व्हरूम वेगळी देतं. ती संदेशात सगळ्यात वर छापा, नाहीतर एक खानावळ गुपचूप वगळली जाते.

या टप्प्याची खरी भर पावसाची. मुसळधार पडला की कळवा-ऐरोली वाटेवरच्या विटाव्याचा रेल्वेखालचा रस्ता तुंबतो आणि ठाण्याची फेरी ऐरोली-मुलुंड पुलावरून न्यावी लागते. ओएसआरएममध्ये एखाद्या तुकड्याचा वेग सीएसव्ही फाइलीतून बदलता येतो: या नोडपासून (इथे नोड म्हणजे नकाशातला क्रमांक असलेला बिंदू) त्या नोडपर्यंत, वेग 0. दोन्ही दिशांच्या ओळी हव्यात. ही फाइल नकाशा तयार करण्याच्या फक्त शेवटच्या, कस्टमाइझ पायरीत वाचली जाते, सगळा नकाशा पुन्हा काढावा लागत नाही. ओएसआरएमची एमएलडी ही मार्ग काढण्याची पद्धत निवडली ती याचसाठी. नकाशा नवा घेतल्यावर मात्र नोडचे क्रमांक तपासा. कुणी तो रस्ता तोडून पुन्हा आखला असेल तर जुन्या ओळी निमूट निकामी होतात. म्हणून शेवटी कळवा ते ऐरोली असा चाचणी मार्ग काढून तो लांबला की नाही ते बघतो.

हा रस्ता बंद धरण्यासाठी पावसाची मर्यादा सध्या सकाळी 6 ते 10 मध्ये मिळून 25 मिलिमीटर. अंदाज मागताना टाइमझोन ‘एशिया/कोलकाता’ द्या. नाहीतर तास जीएमटीचे येतात आणि साडेपाच तासांनी सरकलेला पाऊस टाळत बसाल. समुद्राच्या भरतीचा हिशेब यात नाही, तो हवा.

हे साधन हौसेपुरतं आहे तोवर ठीक. पुरवठादाराने रोजच्या धंद्यात लावलं की ओपन-मिटिओची फुकट सेवा चालत नाही, ती बिगरव्यावसायिक वापरासाठी आहे. पैसे भरायचे, किंवा त्यांचा सर्व्हर स्वतः चालवायचा. ओएसआरएमचा प्रात्यक्षिक सर्व्हरही अशा कामासाठी नाही, स्वतःचाच हवा. नकाशाखाली ओपनस्ट्रीटमॅपचा आणि भावाखाली सरकारी स्रोताचा उल्लेख ठेवा. गूगल मॅप्समधून बिंदू उचलून कायमचे साठवायला त्यांच्या अटी परवानगी देत नाहीत, त्या वाटेला गेलो नाही.

पुढचं काम रिकाम्या क्रेटचं. व्हरूममध्ये एकाच थांब्यावर उतरवणं आणि उचलणं दोन्ही देता येतं. शीटमध्ये ‘परत क्रेट’ हा रकाना वाढवला आहे, तो अजून व्हरूमला जोडायचा आहे.