बोत्स्वानात सरकार बदललं, हिऱ्यांचं कोडं तसंच

बोत्स्वानाच्या राजधानीत, गॅबोरोनला, राहायला आल्यापासून घरून एकच चौकशी होते, ‘तिकडे सगळं शांत आहे ना?’ आहे. इतकं शांत की 30 ऑक्टोबर 2024 च्या निवडणुकीत, स्वातंत्र्यापासून 58 वर्षं सत्तेत असलेला पक्ष निवडून द्यायच्या 61 जागांपैकी फक्त 4 वर आला. तरी राष्ट्राध्यक्ष मासीसींनी मोजणी पुरी व्हायच्या आत हार मान्य केली आणि 1 नोव्हेंबरला विरोधी आघाडीचे नेते डुमा बोको यांचा शपथविधी उरकलासुद्धा. ऑफिसात चर्चा एकाच गोष्टीची: बोकोंनी कबूल केलेला महिना 4000 पुलांचा (पुला म्हणजे इथलं चलन) किमान पगार खरंच मिळणार का?

देश 1966 साली स्वतंत्र झाला तेव्हा जगातल्या सर्वांत गरीब देशांत मोडत होता. पुढच्याच वर्षी ओरापाला हिरे सापडले, तेही पहिले राष्ट्राध्यक्ष सेरेत्से खामा यांच्या स्वतःच्या जमातीच्या मुलखात. खामांनी 1967 च्या कायद्याने जमिनीखालची संपत्ती जमातींकडून काढून देशाच्या नावावर केली. मला हा त्यांचा सर्वांत मोठा निर्णय वाटतो. पुढे डी बिअर्स या हिऱ्यांच्या बड्या कंपनीबरोबर काढलेल्या खाण कंपनीत सरकारचा वाटा निम्म्यावर नेला, आणि त्या पैशातून शाळा, दवाखाने, रस्ते झाले. 1994 मध्ये पुढच्या पिढ्यांसाठी पुला फंडही काढला.

इथली लोकशाही बघायची तर संसदेपेक्षा खोत्लात जावं. खोत्ला म्हणजे गावाची सभा. एका मित्राबरोबर मी गेलो होतो. लाकडी खुंटांचं अर्धगोल कुंपण, पुरुष डोक्यावरच्या टोप्या काढून बसलेले, बायका स्कर्टमध्ये. सुरुवात प्रार्थनेने. जिल्ह्याचा अधिकारी पाइपलाइनची माहिती देत होता. एक आजी उठल्या आणि गेल्या वर्षी दिलेला शब्द तारखेसकट त्याच्या तोंडावर मोजून दाखवला. बराच वेळ बोलल्या, विषय सोडूनही बोलल्या. कुणी ‘बसा आता’ म्हटलं नाही. खोसी, म्हणजे गावचा प्रमुख, सगळ्यात शेवटी बोलला.

अधिकाऱ्याने सगळं लिहून घेतलं. आराखडा मात्र तो तयार करूनच आला होता, हे मित्राने परतीच्या वाटेवर सांगितलं. पूर्वी या सभेत बायकांना बोलायची मुभा नव्हती. आणि सान या इथल्या मूळच्या शिकारी लोकांना मध्य कालाहारीतल्या अभयारण्यातून हलवलं, त्यांना तर 2006 साली कोर्टातूनच न्याय मिळवावा लागला. त्यामुळे ‘आफ्रिकेतला आदर्श देश’ हे कौतुक ऐकलं की मला जरा अडखळायला होतं.

खरी अडचण वेगळीच आहे. इथल्या नेत्यांनी पैसा बऱ्यापैकी इमानाने खर्च केला, पण निर्यातीचा मोठा हिस्सा आजही हिऱ्यांचाच. प्रयोगशाळेतले हिरे स्वस्त झाले, नैसर्गिक हिऱ्यांची मागणी पडली, आणि सरकारी तिजोरी लगेच हलकी झाली. तरुणांमध्ये बेकारी मोठी; ज्यांनी सत्ता उलथवली त्यात ही पोरं होती. कारभार स्वच्छ ठेवणं त्यांच्या मते पुरेसं नाही. हिऱ्यांनंतर काय, याचं उत्तर पूर्वीच्या सरकारला त्यांना पटेल असं देता आलं नाही. बोकोंनाही अजून कुठे सापडलंय? पर्यटन आहे, ऊन भरपूर असल्याने सौरऊर्जेची भाषा आहे, गोमांसाची निर्यात जुनीच. यातलं एकही जवानेंगच्या हिऱ्यांच्या मोठ्या खाणीची जागा घेण्याइतकं मोठं नाही. 4000 पुलांचा पगार मात्र लोक विसरलेले नाहीत.