सी-टाइप, डी-टाइप आणि आरटीओची पेन्सिल

इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीत नोकरीला आलो तेव्हा शनिवार-रविवार एका म्हाताऱ्या इन्स्पेक्टरकडे फुकट राबायचो, जुन्या रेसिंग गाड्या घेणाऱ्यांसाठी तो गाड्या तपासून रिपोर्ट द्यायचा. जुन्या गाड्या जमवणाऱ्या एका कलेक्टरला दोन जॅग्वार विकत घ्यायला आल्या होत्या, एक सी-टाइप एक डी-टाइप, आणि घ्यायची एकच. म्हातारा म्हणाला तुलना तू लिही.

मी आपला घरी बसून मार्क द्यायला लागलो. सी-टाइपनं १९५१ आणि १९५३ ला ल माँ, म्हणजे फ्रान्समधली चोवीस तासांची रेस, मारली, डी-टाइपनं १९५५, ५६, ५७ लागोपाठ, म्हणजे डी पुढे. सी फक्त ५३ बनल्या, डी सत्तरच्या वर, म्हणजे सी पुढे. इंजिन दोन्हीत तेच सहा सिलिंडरचं एक्सके, ३.४ लिटर. पण २०१६ च्या लिलावात १९५६ ची ल माँ जिंकलेली डी पावणेबावीस मिलियन डॉलरला गेली होती, म्हणलं विषय संपला, डी घ्या. म्हाताऱ्यानं कागद वाचला आणि त्यावर चहाचा कप ठेवला.

सी तपासायला सोपी निघाली. पाइप जोडून केलेला पिंजरा, वर अॅल्युमिनियमचा पत्रा. रेसमध्ये ठोकाठोकी होते त्यामुळे पत्रा बदललेला चालतो, पिंजरा मूळचा पाहिजे. दिवसभर टॉर्च आणि आरसा घेऊन खाली पडलो होतो, पाठ धरली, पण जोड जुने होते आणि गाडीच्या इतिहासाच्या फाइलमध्ये एकही वर्ष गायब नव्हतं.

डीचं मात्र वेगळं. मधला भाग विमानासारखा पत्र्याचाच टब, पुढे इंजिन धरणारी फ्रेम. १९५४ च्या गाड्यांत ही फ्रेम टबला वेल्ड केलेली, १९५५ पासून बोल्टनं लावलेली. रेसमध्ये दुरुस्तीला सोयीचं, पण पुढे त्याच्यामुळेच भानगडी झाल्या, फ्रेम एका गाडीत गेली, टब दुसऱ्या गाडीत, आणि दोन्ही मालक म्हणतात नंबर माझाच. ही गाडी अशी चकाचक की मी चासी प्लेटवरचा नंबर कागदांशी जुळवला आणि बिनधास्त 'मॅचिंग' लिहून मोकळा. म्हाताऱ्यानं खोडलं. प्लेट काय, कोणीही ठोकेल, फ्रेम बघ म्हणाला.

फ्रेमवर नंबर होता, पण जाड रंगाखाली, नीट कळेना. मग मला पुण्यातलं आरटीओ आठवलं, बाबांची स्कूटर ट्रान्सफर करताना एजंटनं चासी नंबरवर कागद धरून पेन्सिल घासली होती. तेच केलं. आकडे उमटले, आणि आकड्यांच्या भोवती बारीक बारीक तिरप्या रेघा, ग्राइंडरच्या! आधीचं काहीतरी घासून काढलेलं. साठच्या दशकातली चार वर्षं फाइलमध्ये का नाहीत हे विकणाऱ्याला विचारलं तर तो एकदम घरातल्या आजारपणावर घसरला.

म्हातारा तो कागद बराच वेळ उजेडात धरून बसला होता. रिपोर्टला जोडला, ओरिजिनल, मला झेरॉक्स दिली.

कलेक्टरनं सी घेतली. १९५३ च्या कंपनीच्या ल माँच्या गाड्यांना डिस्क ब्रेक होते, गिऱ्हाइकांना विकलेल्यांना ड्रम, आणि हिचे अजून ड्रमच आहेत हे रिपोर्टात दुसऱ्याच पानावर लिहिलं होतं, तरी पहिल्या रविवारी त्याचा फोन आलाच, गाडी थांबत नाही म्हणून.